चावडीच्या भिंतीवरच्या विहिरी

माझ्या पहिल्या नोकरीतला पहिला पराक्रम म्हणजे मी एका चांगल्या भरवशाच्या विहिरीचं पाणी चावडीच्या पत्र्यावर चढवून दाखवलं. गाव पारनेर तालुक्यातलं, काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा, आणि माझं वय असं, की आपल्याला सगळं येतं याबद्दल मनात काडीचीही शंका नव्हती. नगरला कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून मी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत लागले होते. संस्था म्हणजे पारनेरच्या पेठेत खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक साहेब, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. तो प्रिंटर सुरू झाला की खालच्या दुकानदाराला वाटायचं, वर कोणीतरी पत्रा कापतंय.

आमच्याकडच्या गावांपैकी एका गावाने आपली आपणच एक रीत पाडली होती. महिन्याच्या महिन्याला प्रत्येक विहिरीचं पाणी जमिनीपासून किती खोल गेलंय ते दोरीला दगड बांधून मोजायचं, आणि पौषात चावडीपुढे सभा भरवून ठरवायचं, की उन्हाळी कांद्याला मोटारी चालवायच्या की नाही. पस्तीस फुटांवर धोक्याची तांबडी खूण धरलेली होती. पिण्याच्या पाण्याची एक जरी विहीर तिच्याखाली गेली, की ओढ्याकाठच्या सगळ्या मोटारी पाऊस येईपर्यंत बंद. मग कांद्याचं तयार रोप शेळ्यांना घाला, नाहीतर पाहुण्यांना वाटा. हे भांडणाशिवाय पार पडावं म्हणून सगळ्या विहिरींचा आलेख चावडीच्या भिंतीवर रंगवत. वरची कड म्हणजे जमीन, तिथून खाली खोली, डावीकडून उजवीकडे महिने, आणि पाणी उतरेल तशी खाली उतरत जाणारी प्रत्येक विहिरीची वेगळ्या रंगाची रेघ. चौकट चाळीस फुटांची, ऑइलपेंटने कायमची रंगवलेली. सभेनेच ठराव करून ती तशी ठरवली होती, म्हणजे कोणी सोयीने मापं बदलायला नको. दरवर्षी आतल्या जागेला चुना मारायचा आणि नव्या रेघा काढायच्या.

मी येण्याआधी हा आलेख साहेब हाताने काढायचे. कॉम्प्युटर आला, मी आले, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आलेख काढायला विकतचं सॉफ्टवेअर घेण्याची आमची ऐपत नव्हती. पुण्याला शिकणाऱ्या एका मैत्रिणीने फ्लॉपीवर एक लायब्ररी आणून दिली. लायब्ररी म्हणजे आलेख काढण्यासाठी कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा गठ्ठा. आपण फक्त आकडे द्यायचे. ही फुकट तर होतीच, पण तिचा सगळा कोड उघडा होता. कोणीही बघावा, कोणीही दुरुस्त करावा, आणि दुरुस्ती चांगली असेल तर ती सांभाळणाऱ्या परदेशातल्या गृहस्थाकडे पाठवावी. साहेबांना हे काही केल्या पटेना. "कोणी कशाला फुकट देईल? आत काहीतरी असणार," ते म्हणायचे, आणि फ्लॉपीकडे जरा लांबूनच बघायचे.

आत एवढंच होतं, की त्या कोडला चौकट कशाशी खातात ते माहीत नव्हतं. चौकट तो झकास काढायचा, रेघाही झकास काढायचा, पण दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. आकडा चौकटीच्या बाहेरचा आला तरी रेघ बिनदिक्कत तिथे जायची, मग वाटेत शीर्षक येवो नाहीतर कागदाची कड येवो.

आता आबांची विहीर. आबा हे गावचे जुने सरपंच. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांची जमीन, तालुक्यात नावाजलेला कांदा आणि तेवढाच नावाजलेला राग. आवाज असा, की त्यांनी चावडीवर खाकरलं तर देवळातल्या माणसाने मागे वळून बघावं. त्या वर्षी आश्विनात ते कुटुंबासह श्रीगोंद्याला लेकीकडे गेले होते आणि विहिरीकडे जायच्या फाटकाला कुलूप. त्यामुळे त्या महिन्याचं माप राहून गेलं. आमच्या धंद्यात माप नसेल तिथे उणे नव्याण्णव लिहायची पद्धत असते, म्हणजे कोणालाही कळावं की हा आकडा खरा नव्हे. मला कळत होतं. लायब्ररीला कळत नव्हतं. तिने आबांच्या विहिरीचं पाणी आश्विनात जमिनीच्या वर नव्याण्णव फूट नेलं आणि कार्तिकात पुन्हा गुपचूप खाली आणून ठेवलं.

मी कागद बघितला, हसले, आणि ती उंच गेलेली रेघ पेन्सिलीने खोडून कागद पेंटरकडे धाडला. पेन्सिलीने. हा आमचा पेंटर पारनेरचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवणारा. समोर दिसेल ते जसंच्या तसं उतरवणं हाच त्याचा धर्म. कागदावर चौकोन पाडायचे, गेरूत भिजवलेली दोरी ताणून भिंतीवर तसेच मोठे चौकोन पाडायचे, आणि एकेक चौकोन भरत जायचं. विहिरीबिहिरीशी त्याला घेणंदेणं नव्हतं. पेन्सिलीची खाडाखोड त्याला कागद मळल्यासारखी वाटली. त्याने शिडी मागवली, आबांची निळी रेघ चौकटीतून बाहेर काढली, गावाच्या नावावरून आडवी नेली, वळचणीपर्यंत चढवली, आणि मग खाली उतरून एसटीतून आलेल्या मला शांतपणे विचारलं, "म्याडम, कागदावर अजून वर जातीय. पत्र्यावर चढवू का?"

तोवर चावडीपुढे निम्मं गाव जमलं होतं. एकजण म्हणाला, "आबा, पानी पत्र्यावर आल्यालं हाय, मग मोटार कशापायी पाहिजे? पन्हाळी लावा न कांदा भिजवा." दुसरा म्हणाला, "आमच्या टँकरला नळी द्या की जरा." आबांचा चेहरा मिरचीच्या खळ्यावर बसल्यासारखा झाला. हसू दाबण्यासाठी मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते आणि सापडत काहीच नव्हतं.

सभेत आबा उठले आणि त्यांनी दोन गोष्टी गावाच्या गळी उतरवल्या. एक, रेघ चौकटीच्या बाहेर जाता कामा नये. "आपली चौकट ठरल्याली हाय. रेघ तिच्यात ऱ्हायली पायजे. भाईर गेली तर ती रेघ न्हाई, तमाशा हाय." आणि दुसरी गोष्ट, ज्याच्या रेघेत खंड असेल, त्याची विहीर मोजली नाही असं धरायचं आणि त्या वर्षी ती हिशेबात घ्यायची नाही. स्वतःच्या कुलपामुळे झालेल्या फजितीवर त्यांनी हा नियम काढला, याचं मला कौतुकच वाटलं. चांगला कडक, सगळ्यांना सारखा नियम. त्या वर्षी पाणी बरं होतं, मोटारी चालल्या, कांदा झाला, आणि "पत्र्यावरची विहीर" ही गोष्ट लग्नाकार्यात सांगायला सगळ्यांना मिळाली.

मी मात्र त्या लायब्ररीवर डूख धरला. ऑफिसात बसून तिचा कोड वाचायला घेतला. सी भाषेत लिहिलेला, नीटनेटका, कुठे कुठे लिहिणाऱ्याने स्वतःशीच केलेली थट्टा. वाचता वाचता मला तो अनोळखी माणूस आवडायला लागला, हे खरं. रेघ काढायची जागा सापडली. तिथे तो दोन टिंबं घ्यायचा आणि जोडायचा, बस. मी आधी एक पहारेकरी बसवला. दोन्ही टिंबं चौकटीत असतील तरच जोड; एक जरी बाहेर असेल, तर तो तुकडा काढायचाच नाही. याला क्लिपिंग म्हणतात, चौकटीबाहेरचं कापून टाकणं. हे खरं क्लिपिंगचं निम्मंच रूप होतं, पण तेव्हा मला ते पूर्ण वाटलं. वीज जाऊन येऊन, चहा निवून, खालच्या दुकानदाराने दोनदा वर डोकावून झाल्यावर ते चाललं. आबांचा पत्र्यावरचा तुकडा नाहीसा झाला. त्या जागी नुसती एक फट राहिली, म्हणजे माप नाही तिथे रेघ नाही. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना पेढे आणायला लावले.

नगरला तेव्हा नुकतंच एक इंटरनेटचं दुकान उघडलं होतं. एसटीने जायचं, नंबर लावायचा, आणि फोन लागेपर्यंत मालकाशी गप्पा मारायच्या. तिथून मी माझी दुरुस्ती त्या परदेशी गृहस्थाला पाठवली. पुढच्या खेपेला उत्तर येऊन पडलं होतं. त्याने आभार मानले होते, दुरुस्ती घेतो म्हणाला होता, आणि एक शंका काढली होती: हे क्लिपिंग हवं तर चालू, नको तर बंद, असं करायची सोय ठेवावी का? कोणाला चौकटीबाहेर रेघ हवी असू शकेल. मी ठसक्यात लिहिलं, की तशी गरज मला दिसत नाही. आमच्याकडे सभेचा ठराव झाला आहे आणि रेघा चौकटीतच राहतात. त्याला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे.

आता मावशींबद्दल सांगते. ओढा गावाला वळसा घालून जिथे खाली उतरतो, तिथे सगळ्यात शेवटी बौद्ध वस्ती आणि वस्तीची पिण्याच्या पाण्याची विहीर. ती विहीर मोजायचं काम या मावशी करायच्या. त्यांची दोरी बघण्यासारखी होती. फुटाफुटावर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधलेल्या, दर पाचाला लाल. आकडे न्यायला गेले की "जयभीम बाळा, बस" म्हणायच्या आणि पुढ्यात भाकरी ठेवायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. माझं माहेर जामखेडकडचं. आमचीही वस्ती अशीच गावाच्या खालच्या टोकाला, आमचीही विहीर सगळ्यांच्या नंतरची. वरच्या मोटारी सुरू झाल्या की दुपारी आमची बादली तळाला खडखडायची. तो आवाज माझ्या कानात पक्का बसला आहे. म्हणून असेल, पण या विहिरीचे आकडे भरताना मी दोनदा बघायचे.

पुढचं वर्ष कोरडं गेलं. गणपतीत थोडं पडलं, मग आभाळाने पाठ फिरवली. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका योजनेतून वस्तीच्या विहिरीचं काम झालं होतं. आधी अडतीस फुटांवर तळ लागायचा, आता खडक फोडून ती साठापर्यंत खाली नेली होती. मावशी खूश होत्या. मी आकडे टाइप केले, दोनदा तपासले, सगळे बरोबर. कार्तिकात बत्तीस फूट. मार्गशीर्षात एकदम छप्पन्न, कारण वरच्या मोटारी कांद्याची रोपं जगवायला लागल्या होत्या. आलेख काढला, पेंटरकडे दिला. सभेपर्यंत पुन्हा त्या कागदाकडे मी बघितलं नाही. बाकीच्या पाच-सहा गावांचंही काम डोक्यावर होतं आणि शिवाय माझ्या लायब्ररीवर माझा विश्वास होता.

सभा नेहमीसारखी भरली. ओट्यावर, भिंतीला टेकून, आबा आणि मोठी मंडळी. खाली सतरंजीवर बाकीचे. बायका लिंबाखाली, आणि वस्तीवरची माणसं त्यांच्याही मागे, रस्त्याच्या कडेला. ही जागा कोणी कोणाला दाखवून दिलेली नव्हती. ज्याला त्याला ठाऊक होती. साहेब उभे राहिले आणि एकेका विहिरीची रेघ छडीने दाखवू लागले. वस्तीची रेघ हिरवी होती. ती कार्तिकापर्यंत आली, तांबड्या खुणेच्या जरा वर, आणि तिथेच संपली. पुढे पांढरा चुना.

मला आधी समजलंच नाही. मग मार्गशीर्षाचा आकडा आठवला. छप्पन्न फूट हे चौकटीच्या बाहेर. टिंब बाहेर, म्हणून कार्तिकापासून तिथवरचा अख्खा तुकडा माझ्या पहारेकऱ्याने गिळला होता. तांबडी खूण ओलांडणारा नेमका तोच तुकडा.

आबा म्हणाले, "ही रेघ तुटल्याली हाय. म्हंजी मोजली न्हाई. आपला नियम काय हाय? मोजली न्हाई ती धरायची न्हाई." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रोपं तयार होती, नियम त्यांचाच होता, आणि बाकीच्या सगळ्या विहिरी खुणेच्या वर होत्या. माना डोलायला लागल्या.

रस्त्याच्या कडेने मावशी उठल्या. "मी मोजलं हाय," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं मोजलं हाय. छप्पन चिंध्या पान्यात जायाच्या आदी मोजल्यात मी."

"मग रेघ कुठं हाय?" आबांनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. मला सांगायचं आहे असं समजून, वाट बघत. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, माप आहे. आकडा माझ्याकडे आहे. चौकटीच्या बाहेर गेला म्हणून प्रोग्रॅमने कापला."

"मंग बरूबर केलं की त्यानं," आबा म्हणाले. "भाईर जायचं न्हाई असं आपलं ठरलंय."

लोक हसले. मला त्या क्षणी जो राग आला, तो आजही आठवला तरी कान गरम होतात. आबांचा आला, त्या ठरावाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पहारेकऱ्याचा, जो मी इतक्या हौसेने बसवला होता आणि ज्याचे पेढे खाल्ले होते. पाऊस सहा महिने लांब होता. मोटारी चालल्या असत्या तर फाल्गुनापर्यंत वस्तीची विहीर कोरडी पडली असती, आणि मावशींना टँकर येईल त्या दिवशी पाणी मिळालं असतं. मी भांडले. कशी भांडले ते लिहीत नाही, कारण साहेब मला सारखे खाली बसवत होते. शेवटी एवढंच पदरात पडलं, की पुढच्या बाजाराच्या दिवशी सभा पुन्हा भरेल, आणि रेघ भिंतीवर दिसली तर ती धरली जाईल. "दिसली तर," असं आबा दोनदा म्हणाले.

तुम्ही म्हणाल, चौकटच साठ फुटांची करायची. साहेबांनी तेच सुचवलं होतं. पण चौकट ठरावाने ठरलेली, ती बदलायला वेगळा ठराव, आणि ठरावाला हात वर करणारे कोण ते सांगायला नको. म्हणून मी पारनेरला परत आले आणि कोड उघडला.

या खेपेला मी त्या पहारेकऱ्याला अक्कल शिकवली. आता आलेख काढणाऱ्याने प्रत्येक रेघेसाठी सांगायचं, की काय करू. एक पाय बाहेर असला तर सगळा तुकडा टाकून दे. किंवा चौकटीच्या कडेपर्यंत काढ आणि तिथे थांब. किंवा कापूच नको, जाईल तिथवर जाऊ दे. कडेपर्यंतचं गणित जरा किचकट होतं. रेघ कडेला नेमकी कुठे छेदते ते काढावं लागतं. ते मी वहीत सोडवलं, चुकले, पुन्हा सोडवलं. सगळं जमल्यावर दोन कागद छापले. एकावर हिरवी रेघ तांबडी खूण ओलांडून चौकटीच्या तळाशी थांबलेली. दुसऱ्यावर ती चौकट फोडून खाली उतरलेली, छप्पन्नपर्यंत.

साहेबांनी पहिला कागद उचलला. "हा देऊ. खूण ओलांडलेली दिसते. आबांचा ठरावही मोडत नाही. सगळ्यांची सोय."

"साहेब, यात ती चाळीसला थांबलीय," मी म्हटलं. "ते म्हणतील, थोडीशी खाली गेलीय, निम्म्या मोटारी चालवू. ती थोडीशी नाही गेलेली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भला माणूस. भांडणाला घाबरायचे, पण खोटं त्यांच्याने करवत नसे. त्यांनी दुसरा कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ठरावाचं मी बघतो. तू पेंटरला घेऊन जा." मग मी नगरला जाऊन ती नवी सोय त्या परदेशी गृहस्थालाही पाठवली. खाली लिहिलं, की तुमची शंका रास्त होती, मलाच विहिरी कळल्या नव्हत्या. त्याने ती जशीच्या तशी घेतली, आणि उत्तरात विचारलं की विहिरींना आता पाणी आहे का. कोडबिड राहू दे, त्या एका प्रश्नासाठी तो माणूस माझा कायमचा लाडका झाला.

बाजाराचा दिवस आला. पेंटर बाजारातल्या दोन पाट्यांच्या नादात उशिरा उगवला, त्यामुळे सभा भरली तरी रेघ व्हायचीच होती. साहेबांनी घसा साफ करून सांगितलं, की ठरावात 'बाहेर जाता कामा नये' असं आहे हे खरं; पण तो ठराव माप नसलेल्या रेघेमुळे झाला होता, आणि हे माप आहे. रेघ जिथे जाईल तिथे सभेने स्वतःच बघावी आणि मग काय ते ठरवावं. भिंतीला टेकून, मांडी घालून, आबा आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. ती जागा चौकटीच्या उजव्या कोपऱ्याखाली होती, हे तोवर कोणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं.

पेंटरने हिरवा डबा उघडला. त्याच्या लेखी ही आणखी एक पाटी होती. कार्तिकाच्या टिंबावर ब्रश टेकवून त्याने रेघ खाली ओढायला सुरुवात केली. ती तांबड्या खुणेवरून गेली तेव्हा लिंबाखालून कुजबुज झाली. चौकटीच्या तळाला टेकली तेव्हा सतरंजीवरची माणसं पुढे सरकली. पेंटरने कागद बघितला, चौकोन मोजले, आणि रेघ चौकटीखालच्या हातभर भिंतीवरून खाली आणली. मग भिंत संपली. त्याने ओट्यावर गेरूची दोरी मारून चौकोन पाडले, गुडघे टेकले आणि रेघ ओट्यावर घेतली. आणि ब्रश थांबला, कारण पुढे आबांचं धोतर होतं.

"आबा," पेंटर म्हणाला, "उठावं लागंल."

आबांनी ब्रशकडे बघितलं. मग मान वळवून भिंतीवर, रेघ जिथून निघाली होती तिथपासून ती आपल्या मांडीजवळ आली होती तिथपर्यंत बघत आले. त्यांना आलेख वाचता येत होता. गावात सगळ्यांनाच येत होता.

"अजून कितीक हाय?" त्यांनी विचारलं.

पेंटरने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "ईतभर."

आबा हात टेकून उठले आणि ओट्यावरून खाली उतरले. पेंटरने राहिलेली वीतभर रेघ पुरी केली आणि टोकाला एक ठसठशीत टिंब दिलं. आबा खाली उभे राहून ते बघत होते. मग ते साहेबांकडे वळून म्हणाले, "ल्ह्या. वढ्याच्या मोटारी बंद. माझी पयली." आवाजात गोडवा नव्हता, पण माघारही नव्हती. कोणीतरी त्यांना सतरंजीवर जागा करून दिली आणि ते तिथे बसले.

तेवढ्यात दोन पोरं पळत ओट्यावर चढायला निघाली. मावशी रस्त्याच्या कडेने तरातरा आल्या. बायकांमधून, सतरंजीच्या कडेने, थेट चावडीपर्यंत. "आरं, वली हाय ती," त्या पोरांवर ओरडल्या, आणि रंग वाळेपर्यंत कोणी पाय देऊ नये म्हणून रेघेला लागून ओट्यावर बसल्या, भिंतीला पाठ लावून. पुढे सभेत टँकरचं निघालं, शाळेच्या कौलांचं निघालं, बरंच काही निघालं. मावशी बसून ऐकत होत्या. त्यांना उठ म्हणून कोणीही म्हणालं नाही.